लो-कार्ब आहार एकाचा, स्वयंपाक पाच जणांचा

अर्धे ताट :

आमच्या घरातील स्वयंपाक माझ्याकडे आहे आणि जेवणारी माणसे पाच आहेत : मी, पत्नी, 15 वर्षांचा मुलगा, 7 वर्षांची मुलगी आणि 76 वर्षांचे माझे वडील. दोन महिन्यांपूर्वी माझ्या रक्ततपासणीत एचबीए1सी (रक्तातील साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) 6.2 टक्के आले. 5.7 ते 6.4 हा मधुमेहपूर्व अवस्थेचा पट्टा मानला जात असल्यामुळे डॉक्टरांनी तूर्त औषध न देता आहार बदलायला सांगितले, आणि त्यांच्याशी बोलून दिवसाला साधारण 100 ग्रॅम कर्बोदके अशी मर्यादा ठरली. ज्याला कीटो म्हणतात त्यात हेच प्रमाण 20 ते 50 ग्रॅमपर्यंत खाली येते. तेवढ्या टोकाला जाण्याचे मला काही कारण नव्हते. साधारणपणे 130 ग्रॅमच्या खालचा आहार लो-कार्ब समजला जातो, तेव्हा मी कुंपणाच्या जरासा आत आहे, इतकेच.

काय खावे आणि काय टाळावे यावर वाचायला पुष्कळ मिळते, पण त्यातील बहुतेक मजकूर एकट्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. ‘घरातून भात, ब्रेड, बटाटे आणि साखर हद्दपार करा’ हा त्यातील पहिला सल्ला. ज्या फडताळातून मी ब्रेड हद्दपार करायचा, त्याच फडताळातून मला रोज सकाळी मुलीचा डबा भरायचा असतो, याची दखल मला तरी कोठे दिसली नाही.

पहिले दोन आठवडे मी जे केले ते आता मूर्खपणाचे वाटते. मी दोन स्वयंपाक केले. एका बाजूला घरच्यांचे नेहमीचे जेवण आणि दुसऱ्या बाजूला माझे वेगळे. सगळ्यांना वाढून झाल्यावर मी माझ्या कढईकडे वळत असे, त्यामुळे ते जेवत असताना मी ओट्यापाशी उभा आणि मी जेवायला बसेपर्यंत टेबल रिकामे. पंधराव्या दिवशी एवढा वैतागलो की रात्री साडेनऊला उभ्या उभ्या उरलेला सगळा भात खाल्ला.

त्यानंतर मी एक दिवस प्रामाणिकपणे लिहून काढले की बसून जे खातो त्याशिवाय माझ्या पोटात काय जाते. मुलीने सोडलेला ब्रेडचा अर्धा स्लाइस, ताटे विसळताना ‘टाकायचे कशाला’ म्हणून तोंडात टाकलेला तीन मोठे चमचे भात, आणि डब्यातून परत आलेले अर्धे केळे. ब्रेडचे 7, भाताचे 12 ते 13 आणि केळ्याचे 13, म्हणजे जवळजवळ 33 ग्रॅम कर्बोदके. दिवसभराच्या मर्यादेचा एक तृतीयांश भाग मी उष्ट्यात संपवत होतो, आणि जेवणाच्या टेबलावर मात्र व्रतस्थासारखा कोशिंबीर चघळत होतो.

आता मी पातेले एकच ठेवले आहे. भाजी, मासे, चिकन किंवा अंड्याचा रस्सा सर्वांसाठी एकच होतो. भात, ब्रेड किंवा बटाटे वेगळ्या भांड्यात टेबलावर येतात आणि ज्याचे त्याने वाढून घ्यायचे असतात; मी भात घेत नाही. पण काही गाठी सुटत नाहीत. रश्शाला दाटपणा आणण्यासाठी पीठ लावावे की नाही? संध्याकाळी जेवल्यावर दोन तासांत पुन्हा भूक लागते, तिचे काय करावे? पहिल्या आठवड्यातील डोकेदुखी अजून अधूनमधून का होते? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न असा की परवा मुलीने तिचा ब्रेड माझ्यापासून लपवून खाल्ला, आणि विचारल्यावर म्हणाली, ‘‘तो वाईट असतो ना?’’ यावर मला धड उत्तर देता आले नाही.

मोजपट्टी :

उष्ट्याचा हिशेब तुम्ही मांडलात ते फार बरे झाले. मला एक शंका येते : तुम्ही भात पूर्णपणे सोडला आहे, तो कोणत्या आकड्यावरून? पोषणमूल्यांच्या तक्त्यात तांदळाची ओळ कच्च्या धान्याची असते आणि तेथे 100 ग्रॅममागे सुमारे 80 ग्रॅम कर्बोदके लिहिलेली असतात. शिजताना तांदूळ पाणी पितो, म्हणून 100 ग्रॅम शिजलेल्या भातात ती 28 ग्रॅमच्या आसपास भरतात. हीच गत पास्त्याची (कोरडा 75, उकडलेला सुमारे 30) आणि मसुराची. शिजलेल्या मसुरात 100 ग्रॅममागे 20 ग्रॅम कर्बोदके असली तरी त्यांपैकी सुमारे 8 ग्रॅम तंतू (न पचणारे फायबर) असतात, आणि वर 9 ग्रॅम प्रथिने मिळतात. तेव्हा डाळीला आणि भाताला एकाच तराजूत टाकू नये.

दुसरी गोष्ट वेष्टनांवरील आकड्यांची. अमेरिकी पद्धतीच्या वेष्टनावर एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात, त्यामुळे ते वजा करता येतात. युरोपातील वेष्टनांवर कर्बोदकांच्या आकड्यातून तंतू आधीच वगळलेले असतात. तेथे पुन्हा वजाबाकी केली की आपण स्वतःलाच फसवतो. आयात केलेल्या पाकिटांच्या बाबतीत ही चूक मी वर्षभर करत होतो.

स्वयंपाकघरातील वजनकाटा दोन आठवडे वापरा आणि नंतर आत ठेवून द्या. त्याचा उपयोग डोळ्याला सवय लावण्यापुरताच आहे. आयुष्यभर प्रत्येक घास तोलणाऱ्या माणसाबरोबर जेवायला बसणे ही घरच्यांना शिक्षाच असते.

अर्धे ताट :

मोजपट्टी, आपली शंका अगदी खरी ठरली. मी काट्यावर शिजलेला भात ठेवत होतो आणि आकडा कच्च्या तांदळाचा वाचत होतो. म्हणजे दोन महिने मी भाताला त्याच्या जवळजवळ तिप्पट गुन्ह्याची शिक्षा देत आलो. आज 75 ग्रॅम भात वाढून घेतला, म्हणजे 21 ग्रॅम कर्बोदके. वाटीच्या तळाशी चार-पाच चमचे दिसतात, पण सर्वांबरोबर तोच पदार्थ खाण्याचा जो फरक पडतो तो काट्यावर दिसत नाही.

मंद आच :

दाटपणाबद्दल लिहिते. मी माझ्या वाटणीचा रस्सा पीठ लावण्याआधीच काढून ठेवते, ही सर्वांत सोपी युक्ती. पण खरे तर बहुतेक वेळा पिठाची गरजच नसते. रस्सा झाकण न ठेवता पसरट भांड्यात दहा-बारा मिनिटे आटवला की तो आपोआप अंगाबरोबर येतो. त्यातच शिजलेल्या फ्लॉवरचे किंवा वांग्याचे चार तुकडे डावाच्या पाठीने भांड्याच्या कडेला चेपून मिसळले, तर कोणाला पत्ताही लागत नाही. बदामाची किंवा तिळाची पूडही चालते. अंड्याचा बलक लावायचा असेल तर भांडे विस्तवावरून खाली घ्या, बलकात आधी दोन चमचे गरम रस्सा घालून तो सैल करा आणि मगच सावकाश ओता. नाहीतर रश्शात अंड्याच्या चिंध्या तरंगू लागतात.

भाताऐवजी फ्लॉवरचा कीस करणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते की त्याचा लगदा होतो. लगदा होतो तो वाफेने. कीस जाड ठेवावा, कढई रुंद असावी आणि चांगली तापल्यावरच त्यात कीस टाकावा, थर बोटभरापेक्षा जाड होऊ देऊ नये, झाकण अजिबात ठेवू नये आणि मीठ अगदी शेवटी घालावे, कारण मीठ आधी पडले की फ्लॉवर पाणी सोडतो. चार-पाच मिनिटांत कडा जराशा तांबूस होतात आणि कढईतला चुरचुर आवाज कोरडा होत जातो. तो आवाज बदलला की उतरवायचे. गोठवलेला फ्लॉवर वापरत असाल तर तो आधी पातळ कापडात घेऊन पिळून काढा. एका पिशवीतून किती पाणी निघते ते पाहून तुम्हाला लगद्याचे कारण लगेच कळेल.

मात्र हा भात आहे असे सांगून तो मुलांना वाढू नका. तो फ्लॉवर आहे आणि फ्लॉवर म्हणूनच चांगला लागतो.

मोजपट्टी :

मंद आच यांच्या पाककौशल्यापुढे माझी गणिते कोरडी वाटतील, पण रस्सा वेगळा काढण्याची खटपट मला अनेकदा अनाठायी वाटते. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर म्हणजे सुमारे 8 ग्रॅम, आणि त्यात 7 ग्रॅम कर्बोदके. पाच जणांत वाटल्यावर वाट्याला दीड ग्रॅमही येत नाही. पातेल्यात चवीपुरती घातलेली चमचाभर साखर 4 ग्रॅमची असते, म्हणजे माणशी एका ग्रॅमपेक्षा कमी. एका मध्यम कांद्यात सुमारे 10 ग्रॅम कर्बोदके, तीही पाच जणांत विभागतात. या सगळ्यांवर पहारा बसवायचा आणि दुसरीकडे 33 ग्रॅमचे उष्टे तोंडात टाकायचे, हे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा अशातले झाले.

याला अपवाद आहे तो दुधा-पिठाच्या पांढऱ्या सॉसचा. अर्धा लिटर दुधात सुमारे 24 ग्रॅम आणि 40 ग्रॅम मैद्यात सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे पाच जणांत माणशी 11 ग्रॅम. तेथे आपला वाटा वेगळा काढण्यात अर्थ आहे. माझा ठोकताळा असा की जे ताटात वेगळे उठून दिसते ते मोजावे आणि जे पातेल्यात विरून जाते ते सोडून द्यावे.

मंद आच :

हे मान्य. मी मर्यादा 30 ग्रॅमची पाळत होते तेव्हा दीड ग्रॅमही जाणवत असे, आणि सवय तेव्हापासूनची आहे. 100 ग्रॅमवर असलेल्या माणसाने एवढे करू नये.

प्रश्नचिन्ह :

विरोधासाठी विरोध करत नाही, पण एक मूलभूत प्रश्न विचारतो. या सगळ्याची गरज आहे का? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 609 प्रौढांना घेऊन बारा महिने चाललेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला कमी स्निग्धतेचा आणि दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार दिला होता. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी 5.3 किलो आणि दुसऱ्याचे 6.0 किलो उतरले. दोहोंतील फरक दखल घेण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना भाज्या भरपूर खायला आणि साखर, मैदा व पाकीटबंद खाणे कमी करायला सांगितले होते, आणि मला वाटते खरे काम त्यानेच केले. मग एका माणसाने वेगळे खाण्याऐवजी सगळ्या घरानेच साखर आणि मैदा कमी करून मोड आलेली कडधान्ये, भाज्या आणि अखंड धान्ये वाढवली तर दोन ताटांचा प्रश्नच उरत नाही.

अर्धे ताट :

आपला मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. तो अभ्यास वजनाचा होता, आणि त्यात मधुमेह नसलेली माणसे घेतली होती. मला वजनापेक्षा जेवणानंतरची साखर आवरायची आहे, आणि ती सर्वांत जास्त चढते ती कर्बोदकांनीच. तरीही घरातील साखर आणि मैदा कमी करण्याचा आपला सल्ला मी उचलतो, कारण त्याने कोणाचेच नुकसान होणार नाही. मात्र माझा मुलगा रोज दोन तास पोहतो आणि त्याच्या ताटातील भात कमी करण्याचा मला काहीही अधिकार नाही.

गोळीबंद :

मी औषधांच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे आधी डोकेदुखीविषयी लिहितो. कर्बोदके कमी झाली की रक्तातील इन्सुलिन उतरते, आणि त्यामुळे मूत्रपिंडे नेहमीपेक्षा जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात. त्याबरोबर पाणीही जाते. डोके जड होणे, थकवा, उठून उभे राहिल्यावर अंधारी येणे, पायात गोळे येणे या तक्रारी बऱ्याचदा याच कारणाने होतात. शिवाय यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण 500 ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली कर्बोदके) असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असते. पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो वजन उतरले म्हणून जो आनंद होतो तो बराचसा या पाण्याचा असतो, आणि एखाद्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेलेला दिसला तर तेही पाणीच असते.

रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दुपारी वाटीभर पातळ खारे सूप घेऊन पाहावे. असा त्रास असेल तर मीठ वाढवण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये. आपल्या बाबतीत मर्यादा 100 ग्रॅमची असल्यामुळे हे सारे सौम्य असायला हवे; दोन महिन्यांनंतरही डोके दुखत असेल तर सगळा दोष आहारावर ढकलू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

सायंकाळच्या भुकेचे कारण माझ्या मते अगदी साधे आहे. 200 ग्रॅम भात काढून घेतला म्हणजे ताटातून सुमारे 260 कॅलरी काढून घेतल्या. त्यांच्या जागी काकडी ठेवली तर भूक लागणारच. दोन अंडी (सुमारे 140) आणि एक मोठा चमचा तेल (सुमारे 120) एवढ्याने ती जागा भरून निघते. भाजी वाढवा, पण तिच्याबरोबर प्रथिनेही वाढवा. तेल, शेंगदाणे, बदाम, मासे यांतून येणारी स्निग्धता लोण्या-सायीपेक्षा बरी, कारण काहींचे एलडीएल कोलेस्टेरॉल या आहारात चांगलेच चढते. पुढच्या तपासणीत तेही पाहून घ्या.

ऊनसावली :

गोळीबंद यांच्याकडून अपेक्षित असलेली एक गोष्ट त्यांनी अजून लिहिलेली नाही, म्हणून मी आमच्या घरात घडलेले लिहिते.

लो-कार्ब मी सुरू केले होते, आईने नव्हे. आई तेव्हा 71 वर्षांची होती आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेत होती. मी भात कमी केलेला तिने पाहिला आणि कोणाला न सांगता तिनेही कमी केला, कारण ‘लेकीने केले तर मीही करून बघते’ हा तिचा स्वभाव. गोळी मात्र तेवढीच चालू राहिली. चौथ्या दिवशी दुपारी ती खुर्चीत बसलेली मला दिसली. कपाळावर घाम, हात थरथरत होते आणि मी विचारले त्याचे उत्तर ती भलतेच देत होती. ग्लुकोमीटरवर 58 आकडा आला. 70 च्या खाली गेले की ती साखर उतरल्याची अवस्था समजतात. साखरेचे पाणी दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा 84 झाले होते. ती पंधरा मिनिटे मी अजून विसरलेले नाही.

तुमचे वडील 76 वर्षांचे आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ते कोणत्या गोळ्या घेतात आणि आजकाल ताटात किती भात सोडतात, हे दोन्ही कृपया आजच पाहा.

गोळीबंद :

हे पहिल्याच वाक्यात यायला हवे होते, चूक माझी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या ताटातील कर्बोदके एकाएकी कमी झाली आणि मात्रा तशीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांचा धोका आणखी वेगळा आहे : कर्बोदके फार कमी केल्यास रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्ले धोकादायक प्रमाणात साठणे) होऊ शकतो, त्यामुळे ग्लुकोमीटरचा आकडा पाहून माणूस गाफील राहतो. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही काही वेळा कमी करावी लागते. स्तनपान करणाऱ्या मातांनी तर अतिशय कमी कर्बोदकांचा आहार स्वतःच्या मनाने कधीच सुरू करू नये. त्यांच्यातही कीटोॲसिडोसिसची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

अर्धे ताट :

ऊनसावली, आपला प्रतिसाद वाचून मी वडिलांच्या गोळ्यांचा डबा उघडला. त्यात ग्लिमेपिराइड आहे. रात्री जेवताना मुद्दाम त्यांच्या ताटाकडे लक्ष दिले, तर त्यांनी भात दोनच चमचे घेतला. विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘तू जे करतो आहेस ते चांगलेच असेल.’’ किती दिवस चालले आहे याचे उत्तर त्यांनी ‘झाले काही दिवस’ असे दिले. आज सकाळी त्यांच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. भात पूर्वीइतका सुरू करायचा, चार दिवस जेवणाआधी आणि नंतर साखर मोजून लिहून ठेवायची आणि वही घेऊन भेटायला यायचे, असे त्यांनी सांगितले आहे. मी घरात कोणाला काही खाऊ नका म्हणालो नव्हतो. एकच माणूस वेगळे खाऊ लागला तरी बाकीची ताटे आपोआप बदलतात, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

दोन डबे :

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचाही धागा याच्याशीच जुळतो. घरात एक मोठा माणूस ब्रेडकडे पाठ फिरवतो, कोणी काही सांगत नाही, आणि मूल स्वतःच कारण शोधते की ब्रेड वाईट आहे. पुढची पायरी अशी असते की ब्रेड खाणारी मीही वाईट. माझी थोरली नऊ वर्षांची असताना आम्ही या वाटेने बरेच पुढे गेलो होतो, आणि त्याला माझ्या तोंडची ‘आज मी पथ्य मोडले’, ‘मला याची शिक्षा मिळणार’ अशी वाक्ये कारणीभूत होती.

आम्ही नंतर ‘चांगले-वाईट’ हे शब्द जेवणाच्या टेबलावरून काढून टाकले आणि चष्म्याचे उदाहरण वापरले : आईच्या डोळ्यांना चष्मा लागतो म्हणून आई तो घालते, तुला लागत नाही म्हणून तू घालत नाहीस. माझ्या शरीराला सध्या भात थोडा लागतो, तुझे शरीर वाढते आहे आणि धावते आहे, त्याला जास्त लागतो. सात वर्षांच्या मुलीला एवढे पुरते. तिला हवे असेल तर तुमच्या वाटीतला भात तिच्या हाताने मोजू द्या.

कोणी सांगेल की कीटो आहार तर मुलांसाठीच वापरला जातो. ते खरे आहे, पण त्याचा संबंध अपस्माराशी आहे. 1921 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारावरील उपचार म्हणून सुचवला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या झटक्यांसाठी तो आजही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ग्रॅमवर तोलून, पूरक जीवनसत्त्वे देऊन आणि वारंवार तपासण्या करून दिला जातो. निरोगी मुलांच्या ताटाशी त्याचा काहीही संबंध नाही. मेंदूला लागणाऱ्या ग्लुकोजचा विचार करून मुलांसाठीही दिवसाला 130 ग्रॅम कर्बोदकांची शिफारस केली जाते, आणि पोहणाऱ्या मुलाला तर याहून पुष्कळ जास्त लागतात.

मंद आच :

उष्ट्यासाठी माझा उपाय सांगते. मुलांना पहिल्यांदा कमी वाढा आणि दुसऱ्यांदा मागू द्या. तरी उरले तर जेवण संपताच, ताटे उचलण्याच्या आधी, ते झाकणाच्या डब्यात जाऊन फ्रीजमध्ये गेले पाहिजे. ओट्यावर उघडी ताटली राहिली की ती आपली झाली असे समजा. भात मात्र तासाभराच्या आत थंड करून फ्रीजमध्ये ठेवा. तो बाहेर राहिला तर त्यात असे जंतू वाढतात की ज्यांचे विष पुन्हा गरम केल्यावरही जात नाही.

चव पाहण्यासाठी मी आता एकच छोटा चमचा वापरते आणि तो दर वेळी विसळून पुन्हा वापरते. डावाने चव पाहणे बंद केल्यावर मला कळले की पूर्वी मी अर्धी वाटी रस्सा वाढण्याआधीच संपवत होते.

प्रश्नचिन्ह :

‘शुगर-फ्री’ बिस्किटांवर कोणी काही लिहिले नाही. ती मुलांच्या नजरेस पडतात आणि घरभर फिरतात, म्हणून विचारतो.

मोजपट्टी :

घटकांत मॅल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ; एरिथ्रिटॉल आणि झायलिटॉलही त्याच जातीचे) असेल तर ते रक्तातील साखर चढवते. साखरेपेक्षा कमी, पण चढवते. एरिथ्रिटॉल जवळजवळ चढवत नाही. दोन्हींपैकी मॅल्टिटॉल जास्त खाल्ल्यास पोट बिघडते, आणि मुलांचे लवकर बिघडते. झायलिटॉल असलेली वस्तू घरात आणणार असाल आणि घरात कुत्रा असेल तर ती त्याच्या तोंडाशी कधीही येऊ देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी असते. शिवाय बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतोच.

अर्धे ताट :

दहा दिवसांनी पुन्हा लिहितो आहे. वडिलांच्या डॉक्टरांनी वही पाहिली आणि गोळीची मात्रा अर्धी केली, कारण भात पूर्ववत केल्यावरही दोन दिवस दुपारची साखर 80 च्या खाली गेली होती. त्यांचा आहार त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरेल आणि माझा माझ्या. दोघांनी एकमेकांच्या ताटाची नक्कल करायची नाही, असे आमच्यात ठरले आहे. ते त्यांना फारसे रुचलेले नाही.

माझी डोकेदुखी सूपने कमी झाली नाही. तपासल्यावर चष्म्याचा नंबर बदललेला निघाला. तेव्हा गोळीबंद यांचा सगळा दोष आहारावर न ढकलण्याचा सल्ला योग्य होता. भूक मात्र दोन अंड्यांनी खरोखरच आटोक्यात आली.

मुलगी आता माझा भात स्वतः वाढते. काट्यावर वाटी ठेवायची, शून्य करायचे आणि 75 येईपर्यंत चमच्याने एक एक शीत टाकत राहायचे, हा तिचा रात्रीचा खेळ झाला आहे. काल आकडा 76 वर गेला तेव्हा तिने शेवटची चार शिते उचलून खाल्ली आणि ‘‘ही माझी, मला जास्त लागतो’’ असे जाहीर केले. एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून पुढची तपासणी महिनाअखेरीस करणार आहे.

एक अडचण तेवढी उरली आहे. पास्ता वेगळा आणि सॉस वेगळा वाढला तर मुलगा नाराज होतो. त्याच्या मते सॉसमध्ये मुरलेला पास्ता आणि वरून ओतलेला सॉस या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

मंद आच :

मुलगा बरोबर आहे. आधी तुमच्या वाट्याचा सॉस वाडग्यात काढा आणि त्यावर परतलेल्या भाज्या व चिकन घ्या. मग उरलेल्या सॉसमध्ये पास्ता पूर्ण शिजण्याच्या एक-दोन मिनिटे आधीच टाका, पास्ता ज्यात उकडला त्यातलेच डावभर पाणी घाला आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटे हलवा. त्या पाण्यातील पिठूळपणाने सॉस पास्त्याला चिकटतो, आणि तुमचा वाडगा तोपर्यंत टेबलावर पोहोचलेला असतो.